निवटीचा डोळा, ॲक्सोलोटलचा डोळा

मोरा बंदरात ओहोटी लागली की भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचचं वेळापत्रक कोलमडतं. बंदरात गाळ इतका साचलाय की पाणी उतरल्यावर लाँच जेट्टीला लागत नाही, आणि उरणचे प्रवासी भरतीची वाट पाहत धक्क्यावर ताटकळतात. त्याच वेळी खाडीच्या कडेला, तिवरांच्या मुळांपर्यंत उघड्या पडलेल्या चिखलात वेगळीच वर्दळ सुरू होते. करड्या-काळपट रंगाचे, बोटापासून वितीएवढे मासे पुढच्या परांवर अंग रेटत सरपटतात, मध्येच शेपटीचा झटका देऊन उडी मारतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात. या निवट्या. उरण-पनवेलच्या आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण माहीत नाही असा माणूस मिळणं कठीण. बिळात हात घालून निवटी धरणारे लोक तिची खोड नेमकी ओळखून असतात: तुमची सावली तिच्यावर पडली की ती गेलीच म्हणून समजा.

सावली ओळखणारा तो डोळा हा या प्रकरणाचा पहिला नायक. दुसरा आहे मेक्सिकोहून आलेला ॲक्सोलोटल. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लालसर कल्ल्यांची झालर असलेला हा पाण्यातला सॅलॅमँडर गेल्या काही वर्षांत मुंबई परिसरातल्या हौशी घरांमधल्या फिशटँकमध्ये येऊन बसला आहे. त्याच्या टाकीवर निळे, जांभळे, लाल दिवे लावलेले असतात. त्याला हे दिवे दिसतात का, कसे दिसतात, त्याचं त्याला काय होतं, हा प्रश्न हौशी माणसाला सहसा पडत नाही. तो पडावा आणि त्याचं उत्तर मिळावं म्हणून आधी मोऱ्याच्या चिखलात उतरायला हवं. निवटी हा पाण्याबाहेर पडलेला मासा आहे, आणि ॲक्सोलोटल हा जमिनीवर जाण्याचा मार्ग असूनही पाण्यातच राहिलेला उभयचर. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर डोळ्याला काय काय बदलावं लागतं, हे या दोघांना शेजारी शेजारी ठेवलं की स्वच्छ कळतं.

महाराष्ट्रात शेपटी असलेला एकही उभयचर निसर्गात आढळत नाही. भारतातले सॅलॅमँडरचे नातेवाईक राहतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येच्या डोंगरांत. आपल्याकडे आहेत बेडूक, आणि मातीत दडून राहणारी देवगांडुळं. १९६० साली एडवर्ड टेलर या अमेरिकी अभ्यासकानं ज्या देवगांडुळाचं वर्णन केलं, तो इंडोटिफ्लस बॅटर्सबाय पनवेलहून घाट चढला की लागणाऱ्या खंडाळ्यातला. देवगांडुळाचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात आणि ज्यांच्या डोळ्यांचा अभ्यास झाला आहे त्यांत रंग ओळखणाऱ्या पेशीच सापडलेल्या नाहीत; उजेड आहे की अंधार एवढंच त्यांना पुरतं. म्हणजे उभयचर म्हटलं की डोळा एकाच साच्याचा, असं मुळीच नाही. जिथे राहायचं तिथल्या उजेडाप्रमाणे तो घडतो.

आता निवटी जवळून पाहा. डोक्याच्या अगदी माथ्यावर, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दोन फुगीर डोळे. अंग बिळातल्या पाण्यात असताना हे डोळे तेवढे पाण्याबाहेर असतात. पाहता पाहता एक डोळा खोबणीत खाली ओढला जातो, कातडीची घडी त्याच्यावर येते, आणि लगेच तो ओला, चकचकीत होऊन पुन्हा वर येतो. ही पापणीची उघडझाप म्हणावी तर निवटीला पापणीच नाही. सगळा डोळाच आत जातो. अमेरिकेतल्या संशोधकांनी आफ्रिकी जातीच्या निवट्यांवर प्रयोग करून २०२३ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. हवा कोरडी केली की त्यांची डोळे मिचकावण्याची गती वाढते. डोळ्यावर धूळ टाकली की मिचकावण्यानं ती साफ होते. डोळ्याला स्पर्श होऊ लागला की तो आपसूक मिटतो. ओलावा, सफाई, बचाव ही आपल्या पापणीची तीनही कामं निवटी पापणीवाचून आणि अश्रुग्रंथीवाचून करते. तिच्याकडे फक्त अंगावरचा बुळबुळीत थर आणि चिखलातलं पाणी असतं. आपले पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले तेव्हा मिचकावण्याची गरज का पडली असेल, याचा अंदाज या अभ्यासातून बांधता येतो. मोऱ्याच्या कडेला ओहोटीत तासभर थांबणाऱ्या कुणालाही ही क्रिया उघड्या डोळ्यांनी पाहता येते, आणि मला वाटतं, शाळेतल्या उत्क्रांतीच्या धड्याला याहून सरस प्रात्यक्षिक मिळणार नाही.

मिचकावणं हा सोपा भाग झाला. अवघड भाग प्रकाश वळवण्याचा. आपण हवेत पाहतो तेव्हा डोळ्यात शिरणारा प्रकाश सगळ्यात जास्त वळतो तो पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर. आपल्या डोळ्याची सुमारे दोन तृतीयांश ताकद तिथे असते. आतलं भिंग उरलेलं काम आणि बारीक जुळवाजुळव करतं. पाण्यात बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, कारण पारपटल आणि पाणी प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात. पारपटलाची ताकद पाण्यात गेली की संपते. म्हणून मासा पारपटलावर विसंबत नाही. त्याचं भिंग गोटीसारखं गोल असतं आणि सगळं काम तेच करतं. असा मासा पाण्याबाहेर काढला तर पारपटलही प्रकाश वळवू लागतं, गोल भिंगाची ताकद आहेच, आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या बरीच अलीकडे पडते. तो एकदम लघुदृष्टीचा होतो.

निवटीनं यावर तोड काढली आहे. तिचं पारपटल चांगलं फुगीर असतं आणि भिंग इतर माशांच्या मानानं किंचित चपटं. त्यामुळे हवेत तिला स्पष्ट दिसतं; पाण्यात मात्र जवळचं धूसर होतं. दोन्हीकडे सारखं चांगलं दिसणं शक्य नव्हतं, तेव्हा तिनं हवा निवडली. का निवडली याचं उत्तर मोऱ्याच्या पाण्यातच आहे. उरण-मुंबईच्या खाडीचं पाणी गाळानं तपकिरी झालेलं. पावसाळ्यात तर त्यात बुडवलेला हातही दिसत नाही. अशा पाण्यात तीक्ष्ण नजर घेऊन करायचं काय? शत्रू वरून येतो, बगळा किंवा घार होऊन. जोडीदार चिखलावर उड्या मारून, पाठीवरचा ठिपक्यांचा पर उभारून खुणावतो. खाणं म्हणजे उन्हात चिखलावर धरलेला सूक्ष्म शेवाळाचा थर. तिच्या कामाचं सगळं काही हवेत आहे. आपल्या किनाऱ्यावर सर्रास दिसणाऱ्या जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३७ मध्ये, बोलिऑफ्थॅल्मस ड्युसुमिएरी. तेव्हापासूनचे अभ्यासक या माशाच्या बाहेर आलेल्या डोळ्यांनी थक्क झालेले आहेत. २०१४ मध्ये चार जातींच्या निवट्यांचा संपूर्ण जनुकसंच उलगडला गेला. त्यात दृष्टीशी संबंधित काही जनुकं हरवलेली, काही बदललेली आढळली, आणि हे बदल सगळ्या जातींत सारखे नव्हते. हवेतल्या नजरेची किंमत जनुकांमध्ये मोजलेली दिसते.

गाळाच्या पाण्यात उजेड कमी होतो एवढंच नाही, त्याचा रंगही बदलतो. स्वच्छ खोल समुद्रात पाणी आधी तांबडा प्रकाश गिळतं आणि खाली उरतो निळा. खाडीत, तळ्यात, कालव्यात कुजलेल्या पाल्याचे विरघळलेले रंग आणि मातीचे कण निळा-जांभळा प्रकाश आधी संपवतात. उरतो तो पिवळसर, नारिंगी, तांबूस उजेड. समुद्रात निळं जग आणि खाडीत तांबूस जग, हा फरक पुढे ॲक्सोलोटलच्या डोळ्यात थेट सापडतो.

ॲक्सोलोटलचं घर म्हणजे मेक्सिको शहराच्या दक्षिणेचं सोचिमिल्को. तिथे जुन्या सरोवराचे आता फक्त कालवे उरलेत, मध्ये माणसानं रचलेल्या शेतांची बेटं आहेत, आणि पाणी गढूळ आहे. १८६४ मध्ये चौतीस जिवंत ॲक्सोलोटल पॅरिसला नेले गेले. त्यांतले काही ओग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले आणि त्यांनी अंडी घातली. पुढच्या वर्षी त्यांच्या काही पिल्लांचे कल्ले गळाले, त्यांना पापण्या आल्या आणि ती जमिनीवर चालू लागली. तेव्हा कळलं की आतापर्यंत पूर्ण वाढलेला प्राणी समजला जाणारा हा जीव खरं तर पिल्लाच्या रूपातच वयात येतो आणि त्याच रूपात अंडी घालतो. एरवी त्याचं रूपांतर होत नाही, त्याला पापण्या येत नाहीत, आणि आयुष्यभर त्याचा डोळा पाण्यातल्या पिल्लाचा डोळा राहतो.

पापणी नाही, म्हणजे डोळा बंद करण्याची सोय नाही. निवटी डोळा निदान आत ओढून घेऊ शकते. ॲक्सोलोटलवर टाकीचा दिवा पेटला की त्याला एकच मार्ग उरतो: अंधाराकडे सरकणं. टाकीत अंधार नसेल तर तोही नाही. या एका गोष्टीवरून पुढचं सगळं समजून घ्यावं असं मला वाटतं.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, शंकूपेशी भरपूर उजेडात रंग सांगतात. सॅलॅमँडरच्या या पेशी आकारानं मोठ्या असल्यामुळे गेली पन्नासहून अधिक वर्षं डोळ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ॲक्सोलोटलच्या सख्ख्या भाऊबंदांवर, विशेषतः उत्तर अमेरिकेतल्या टायगर सॅलॅमँडरवर, प्रयोग केले आहेत. मानवी डोळा प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर कसं करतो याविषयी आज वैद्यकाच्या पुस्तकात जे लिहिलेलं असतं, त्यातला मोठा भाग या मुक्या प्राण्यांच्या पेशींनी शिकवलेला आहे. टायगर सॅलॅमँडरमध्ये रंगाच्या शंकूपेशी तीन प्रकारच्या सापडतात: एक अतिनील, एक निळ्या आणि एक तांबड्या प्रकाशाला संवेदनशील. बहुसंख्य आहेत त्या तांबड्या. ॲक्सोलोटलच्या डोळ्यात अतिनील प्रकाश टिपण्याची यंत्रणा आहे, हे १९९५ मध्ये खुद्द त्याच्या दृष्टिपटलावर मोजमाप करून दाखवलं गेलं. आपल्याला अतिनील मुळीच दिसत नाही. आपल्याला जी टाकी मंद निळी दिसते तिच्यावर अतिनील छटा असलेला दिवा लावला असेल, तर ॲक्सोलोटलला तिथे आपल्याहून जास्त काही दिसत असतं.

पेशी आहे म्हणजे रंग ओळखता येतोच, असं मात्र धरून चालत नाही. रंग पाहायचा तर दोन-तीन प्रकारच्या पेशींचे संदेश मेंदूत एकमेकांशी ताडून पाहिले जायला हवेत, आणि ते प्राण्याच्या वागण्यातूनच सिद्ध होतं. जर्मनीत वर्नर हिमस्टेट यांनी सत्तरच्या दशकात सॅलॅमँडर भक्ष्याची निवड कशी करतात हे तपासलं. १९९५ मध्ये युरोपातल्या अग्निसॅलॅमँडरविषयी निष्कर्ष आला की तो तीन प्रकारच्या संदेशांची तुलना करून रंग ओळखतो. आपणही तीनच प्रकारांवर चालतो; पण आपले तीन आणि त्याचे तीन वेगळे. त्याचा पट आपल्याहून जांभळ्याच्या पलीकडे सुरू होतो.

तांबड्याविषयी थोडं थांबायला हवं, कारण हौशी लोकांत एक समज पक्का रुजलेला आहे: निशाचर प्राण्यांना लाल दिवा दिसत नाही, म्हणून रात्री ॲक्सोलोटल पाहायचा असेल तर लाल दिवा लावावा. हा समज ॲक्सोलोटलच्या बाबतीत चूक आहे, आणि का चूक आहे हे सांगणारी गोष्ट विज्ञानातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

ही गोष्ट जीवनसत्त्व अ ची. दंडपेशीत आणि शंकूपेशीत प्रकाश शोषणारं जे रंगद्रव्य असतं, त्याचा एक भाग प्रथिनाचा आणि दुसरा भाग जीवनसत्त्व अ पासून बनलेला. जॉर्ज वॉल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात पाहिलं की समुद्रातल्या माशांच्या डोळ्यातलं द्रव्य आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या डोळ्यातलं द्रव्य सारखं नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत जीवनसत्त्व अ च्या वेगळ्या रूपाचं, अ-२ चं, द्रव्य होतं. या एवढ्याशा रासायनिक फरकानं पेशीची संवेदना तांबड्या बाजूला सरकते. दंडपेशीच्या संवेदनेचं शिखर सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीवरून ५२० च्या थोडं पुढे जातं. तांबड्या शंकूपेशीत ही सरक त्याहून मोठी असते. गढूळ गोड्या पाण्यात उजेडच तांबूस उरत असेल तर डोळ्यानं तांबड्याकडे झुकणं शहाणपणाचं, हे वर खाडीच्या पाण्याच्या निमित्तानं पाहिलंच.

वॉल्ड एवढ्यावर थांबला नाही. त्यानं बेडकाचं शेपटीवालं पिल्लू तपासलं: त्याच्या डोळ्यात गोड्या पाण्याचं द्रव्य. त्याचा बेडूक झाल्यावर तपासलं: आता जमिनीवरचं द्रव्य. न्यूट हाही सॅलॅमँडरचाच प्रकार; अमेरिकेतला एक न्यूट लहानपणी जमिनीवर राहतो आणि मोठेपणी पुन्हा पाण्यात जातो. त्याच्या डोळ्यातलं द्रव्यही त्याच्याबरोबर बदलतं. एकाच जिवाच्या आयुष्यात डोळ्याची रसायनशाळा दोनदा फिरते. डोळ्यातल्या प्रकाशद्रव्यांवरच्या कामासाठी वॉल्डला १९६७ चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. अ-१ चं अ-२ करणारं विकर कोणतं, हे मात्र २०१५ पर्यंत कोडंच होतं. त्या वर्षी झेब्राफिश आणि अमेरिकी बुलफ्रॉग बेडूक यांच्यावरच्या कामातून ते सापडलं.

या बुलफ्रॉगचा डोळा तर निवटीच्या शेजारी ठेवावा असा आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागावर निम्मे डोळे बाहेर ठेवून तरंगतो. डोळ्यात प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे दृष्टिपटलाचा वरचा भाग खाली पाण्यात पाहतो आणि खालचा भाग वर हवेत. त्याच्या वरच्या भागात अ-२ चं द्रव्य असतं, खालच्या भागात अ-१ चं. एकाच डोळ्यात पाण्यासाठी एक रसायन आणि हवेसाठी दुसरं. निवटीनं हवेची बाजू घेतली, बुलफ्रॉगनं डोळा वाटून घेतला, आणि ॲक्सोलोटल कधी जमिनीवर गेलाच नाही म्हणून पाण्याचं रसायन घेऊन बसला. पाण्यात राहणाऱ्या सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या डोळ्यात अ-२ चा वाटा मोठा असतो. टायगर सॅलॅमँडरच्या तांबड्या शंकूपेशींचं शिखर ६०० नॅनोमीटरच्या आसपास जातं. आपल्या तांबड्या पेशींचं शिखर सुमारे ५६० वर आहे. लाल दिवा ॲक्सोलोटलला दिसत नाही असं म्हणणारा माणूस, ज्या प्राण्याचा डोळा आपल्यापेक्षा तांबड्याकडे जास्त झुकलेला आहे, त्याच्याविषयी बोलत असतो.

मंद उजेडात ही मंडळी आपल्याला कितीतरी मागे टाकतात. बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्याकडे दंडपेशींचे दोन प्रकार आहेत, एक हिरव्या आणि एक निळ्या उजेडाला जास्त संवेदनशील. पृष्ठवंशीय प्राण्यांत अशी जोडी दुर्मीळ आहे. आपल्याकडे दंडपेशी एकाच प्रकारच्या, म्हणून चांदण्यात आपल्याला जग करडं दिसतं. दोन प्रकार असले तर अंधारातही तुलना करता येते. २०१७ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की बाहेर पडण्याची वाट शोधताना बेडूक इतक्या अंधारात रंग ओळखतात की माणसाला तिथे काहीच दिसत नाही. आणि एकेका दंडपेशीची ताकद? १९७९ मध्ये बेलर, लँब आणि याव यांनी भेकाच्या दंडपेशीवर मोजून दाखवलं की प्रकाशाचा एक कण, एकच कण, पडला तरी पेशी त्याची नोंद करते. प्रकाशाचं याहून लहान माप निसर्गात नाही.

इथे कोकणच्या हवेचा प्रश्न येतो. अंधारातल्या संवेदनशीलतेला एक मर्यादा आहे आणि ती उष्णतेची. दंडपेशीतलं द्रव्य उजेड नसतानाही केवळ उष्णतेच्या धक्क्यानं मधूनमधून फुटतं आणि खोटा संदेश पाठवतं. १९८८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी सिद्ध केलं की थंड रक्ताचे बेडूक-भेक माणसापेक्षा अंधारात जास्त चांगलं पाहतात याचं एक कारण त्यांचं शरीर थंड असतं हे आहे, आणि बेडकाचं तापमान वाढवलं की त्याची अंधारातली नजर उतरते. ॲक्सोलोटलला सोळा ते अठरा अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पनवेल-उरणला मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या घरात असतं. चिलर न बसवता पाळलेला ॲक्सोलोटल गरम पाण्यानं आजारी पडतो, हे हौशी लोकांना ठाऊक असतं. त्याच गरम पाण्यात त्याच्या डोळ्यातला खोटा संदेशही वाढत असणार, हे क्वचितच कुणी लक्षात घेतं. वर तेजस्वी दिवा लावला की पाणी आणखी तापतं. प्रकाश आणि उष्णता या दोन्ही बाजूंनी त्याची कोंडी होते.

डोळ्याशिवायही ॲक्सोलोटलला प्रकाश कळतो. उभयचरांच्या डोक्यात, कवटीखाली असलेली पिनियल ग्रंथी स्वतः प्रकाश ओळखते आणि दिवसरात्रीची लय सांभाळते. १९९८ मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींमध्ये एक नवं प्रकाशद्रव्य सापडलं, मेलॅनॉप्सिन. पुढे हेच द्रव्य माणसाच्या डोळ्यात सापडलं आणि आपली झोप-जाग कशी ठरते याचा उलगडा होऊ लागला. बेडकाच्या कातडीतून माणसाच्या झोपेपर्यंत पोचलेला हा धागा मला फार मोलाचा वाटतो. ॲक्सोलोटलच्या कातडीचा रंगही उजेडाशी बांधलेला आहे: टाकीचा तळ गडद असला की तो गडद होतो, फिकट असला की फिकट. आजूबाजूला काय आहे याची बातमी डोळा मेंदूला देतो, मेंदू रक्तात संप्रेरक सोडतो आणि रंगपेशींतले रंगकण पसरतात किंवा एकत्र गोळा होतात. १९६९ मध्ये वर्णन झालेल्या एका जनुकीय बिघाडामुळे काही ॲक्सोलोटल जन्मतः बिनडोळ्यांचे निघतात. ते इतरांहून गडद रंगाचे असतात. डोळाच नाही, तर तळ फिकट आहे हे सांगणार कोण?

प्रयोगशाळेत ॲक्सोलोटल प्रसिद्ध आहे तो तुटलेला पाय पुन्हा उगवण्यासाठी. डोळ्याच्या बाबतीत त्याची ही ताकद तोकडी पडते. न्यूट आयुष्यभर डोळ्यातलं भिंग पुन्हा तयार करू शकतो. ॲक्सोलोटलला ते अंड्यातून बाहेर आल्यावर फक्त पहिले दोन आठवडे जमतं. मोठ्या ॲक्सोलोटलच्या डोळ्याला इजा झाली तर पाय उगवतो तसं भिंग उगवत नाही. टाकीत टोकदार दगड आणि प्लॅस्टिकची झाडं मांडताना हे ध्यानात ठेवावं.

रंगरूपाप्रमाणे डोळाही वेगवेगळा असतो. रानटी, काळपट ॲक्सोलोटलच्या बाहुलीभोवती सोनेरी कडं असतं. गुलाबी-पांढरा, काळ्या डोळ्यांचा जो प्रकार सगळ्यात जास्त विकला जातो, त्याच्या अंगावर काळं रंगद्रव्य नसलं तरी डोळ्यात असतं. पूर्ण अल्बिनो किंवा सोनेरी प्रकारात डोळ्यातलंही ते द्रव्य नसतं. आत शिरलेला प्रकाश अडवणारा काळा पडदाच नाही, त्यामुळे डोळा लालसर चमकतो आणि तीव्र उजेड त्याला सहन होत नाही. या प्रकारांना सगळ्यात जास्त अंधार हवा, आणि दुकानात सगळ्यात जास्त झगझगीत दिव्याखाली ठेवतात ते हेच प्रकार, कारण ते चमकतात. तसेच ते हिरवे चमकणारे ॲक्सोलोटल. जेलीफिशच्या एका प्रथिनाचं जनुक घातलेले ॲक्सोलोटल जर्मनीत संशोधनासाठी तयार केले गेले, २००६ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्यांची पिढी पुढे हौशी बाजारात पोचली. ते हिरवे दिसावेत म्हणून त्यांच्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकावा लागतो. त्या प्रकाशाला संवेदनशील पेशी त्यांच्या डोळ्यात आहेत, आणि डोळा मिटायला पापणी नाही. दोन मिनिटांच्या मोबाइलच्या चित्रासाठी हा प्रकार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्याला खाणं दिसतं की नाही? दिसतं, पण त्याचा भर नजरेवर नाही. हलणारी वस्तू तो टिपतो. स्थिर पडलेला गांडुळाचा तुकडा नाकानं शोधतो. अंगावर ओळीनं असलेल्या संवेदनेंद्रियांनी पाण्यातल्या लाटा ओळखतो, आणि भक्ष्याच्या शरीरातून निघणारा क्षीण विद्युतप्रवाहही. गढूळ कालव्यात, रात्री शिकार करणाऱ्या प्राण्याची ही सोय आहे. म्हणून टाकीत दिवा नसला म्हणजे त्याला खाणं सापडणार नाही, ही भीती बाळगायचं कारण नाही. चिमट्यात गांडूळ धरून हलकेच हलवलं की मिट्ट अंधारातही तो झडप घालतो.

सोचिमिल्कोमध्ये १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार ॲक्सोलोटल मोजले गेले होते. २०१४ मध्ये ही संख्या छत्तीसवर आली. रानात अत्यंत धोक्यात आणि जगभरच्या टाक्यांत मात्र लाखांनी, अशी त्याची विचित्र अवस्था आहे. १९७५ पासून तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून हा करार आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नियम काढले आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची केली. पनवेलच्या फ्लॅटमधला ॲक्सोलोटलही याला अपवाद नाही. नोंदणीची कागदपत्रं न देणाऱ्याकडून प्राणी घेऊ नका.

आणि टाकीविषयी. ॲक्सोलोटलसाठी वेगळा दिवा लागत नाही. खोलीतला दिवसाचा मंद उजेड पुरतो. झाडांसाठी दिवा हवाच असेल तर तो मंद ठेवा, दिवसातले काही तासच लावा, आणि टाकीत प्रत्येक ॲक्सोलोटलसाठी एक तरी काळोखी गुहा द्या. मातीचं फुटकं मडकं कडा घासून ठेवलं तरी चालतं. टाकीच्या मागच्या काचेला गडद कागद लावा. रात्री पाहण्यासाठी लाल बल्ब लावू नका. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. यातल्या एकाही गोष्टीला खर्च नाही. आज घरी टाकी असेल तर तिच्यावरचा रंगीत दिवा आज रात्रीच काढून ठेवा.